कुत्र्याची गाडी: सरसकट क्रौर्य नव्हे



‘कुत्र्याला गाडीला जुंपणे म्हणजे क्रौर्यच’ हे एका वाचकाचे पत्र वाचले. त्यांची कळकळ मान्य, निष्कर्ष मान्य नाही. इंग्लंडने १८५४च्या कायद्याने अशा गाड्या बंद केल्या हे खरे. पण बेल्जियममध्ये कुत्र्यांच्या दूधगाड्या त्यानंतरही कित्येक दशके धावत होत्या.

सगळे शिकवण्यावर अवलंबून आहे. कुत्र्याची हाडे भरायला दीड-दोन वर्षे लागतात. तोवर वजन नकोच. आधी नुसता पट्टा अंगावर चढवावा. तो छातीवर बसावा, गळ्यावर नव्हे. मग कोणीतरी रिकामी गाडी त्याच्या शेजारून ओढत न्यावी, म्हणजे चाकांच्या खडखडाटाने तो बिचकत नाही. त्यानंतरच जुंपावे, तेही पाच-दहा मिनिटे. शेपूट पोटाशी गेली की तिथेच थांबावे. पट्टा दिसताच जो आपणहून पुढे येतो, त्यालाच हे काम आवडते.

इंदूरच्या भंवरकुआं चौकातल्या रहदारीत मात्र हा प्रकार मुळीच नको. मे महिन्यातल्या डांबरावर आधी स्वतःचा तळहात टेकवून पाहावा! आणि आजारी, जखमी किंवा म्हाताऱ्या जनावराला राबवणे आपल्या देशातल्या १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे, हे हौशी मालकांनी ध्यानात ठेवावे.

– एक श्वानप्रेमी वाचक, भंवरकुआं, इंदूर