चीत न राहणारा बेडूक

तालमीत पोरांना बेडूकउड्या मारायला लावतात तेव्हा वस्तादाची नजर मांड्यांवर असते. बेडूक म्हणजे मांड्या, हा समज कोल्हापुरात असा लहानपणीच अंगात मुरतो. पुढं कॉलेजच्या प्रयोगशाळेनं तो पक्का केला. स्नायू सोडवायचा, विजेचा झटका द्यायचा, की पाय ताडकन उडे. मेंदू नसलेल्या बेडकाच्या कातडीवर आम्ल लावलं तरी तो मागच्या पायानं पुसून काढतो, हेही शिकलो. त्यावरून ठरलं : बेडूक हे मज्जारज्जूवर चालणारं यंत्र, उडीला डोकं लागत नाही.

प्रयोग खरे आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. त्याच बेडकाला पाठीवर टाकून पाहा. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात पाठ टेकली की कुस्ती संपते. धडधाकट बेडूक मात्र चीत केला की लगेच उलटतो. सगळा मेंदू काढलेला बेडूक तसाच पडून राहतो. मांड्या त्याच, मज्जारज्जू तोच. पण वर कुठं, खाली कुठं, हे कळण्याची सोय गेलेली. १८६९ साली ग्रंथ लिहिणाऱ्या जर्मन शरीरशास्त्रज्ञ गोल्ट्झनं फक्त मोठा मेंदू काढलेले बेडूक तपासले होते. फळी तिरपी केली की ते वर चढत तोल सांभाळत. म्हणजे या कामाला विचार लागत नाही, मागचा मेंदू आणि कान मात्र लागतात.

बेडकाच्या आतल्या कानात चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, बारीक स्फटिक असतात. डोकं कललं की ते उताराकडे सरकतात, खालच्या पेशींचे केस वाकतात आणि चेतातंतू मागच्या मेंदूला खबर देतो. तिथून मानेला, डोळ्यांना, पायांना हुकूम सुटतात. एका बाजूचा कान निकामी केला तर डोकं त्या बाजूला झुकतं. पुढं कान तसाच निकामी राहूनही बेडूक बराच सावरतो. स्वतःची घडी अशी पुन्हा बसवणाऱ्याला मी यंत्र म्हणणार नाही. नोव्हेंबर १९७० मध्ये नासानं दोन बुलफ्रॉग, कानाच्या चेतातंतूत तारा बसवून, अवकाशात पाठवले. वजनरहित अवस्थेत त्यांचे संदेश आधी बिघडले आणि काही दिवसांत पूर्ववत होत गेले. ते बेडूक परत आले नाहीत. आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलावरचेही नाहीत. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कोणी म्हणेल, तोल कानाचा असेल, उडी तर मांड्यांचीच ना? ब्राझीलमध्ये नखाएवढे भोपळी रंगाचे बेडूक आहेत. ते उडी झोकात घेतात आणि हवेत कोलमडून पाठीवर नाहीतर डोक्यावर आपटतात. २०२२ मध्ये संशोधकांनी कारण मांडलं : त्यांच्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका इतक्या बारीक, की आतला द्रव नीट हलत नाही आणि अंग किती फिरलं ते कळत नाही.

याउलट तोल सांभाळलेली झेप पाहायची तर पाऊस लागला की आजऱ्यावरून आंबोलीला जावं. तिथं मलबारी उडता बेडूक बोटांमधले पडदे पसरून झाडावरून खाली तरंगत येतो. मांड्यांचं काम फांदी सुटताक्षणीच संपलेलं असतं.