गाडी वरडी राहिनी

गाडीचे ब्रेक किंचाळायला लागले की आपल्याकडे साधारण तीन प्रकारची माणसं भेटतात. पहिला म्हणतो, "काही नाही रे, धूळ गेली असेल, पाणी मार." दुसरा म्हणतो, "पॅड टाक नवे, विषय संपव." आणि तिसरा टेपचा आवाज वाढवतो. (टेप आता राहिले नाहीत. पण तिसरा माणूस आहे अजून. तो आता मोबाईल ब्लूटूथला जोडतो.) तिघांत एक गोष्ट सारखी असते. किंचाळतंय नेमकं काय, हे एकानेही चाक काढून बघितलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथेच सुटतील. आपण पार्टचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. म्हणून आपल्याला निदान मिळत नाही, पार्ट मिळतात. मग ब्रेक किंचाळतच राहतात, नाहीतर गप्प बसवले जातात. आणि गप्प बसवलेले ब्रेक हा प्रकार किंचाळणाऱ्या ब्रेकपेक्षा जास्त वाईट आहे.

आता हे मत आलं कुठून, तर दिवाळीला आम्ही पुण्याहून धानोऱ्याला जातो. नंदुरबारजवळचं धानोरा. नाशिक, सटाणा, साक्री करत चारशेच्या वर किलोमीटर होतात. निघायच्या आधी पुण्यात एका सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली, कारण ब्रेक मारला की पुढून चिरका आवाज यायचा. तिथल्या माणसाने गाडी लिफ्टवर घेतलीही नाही. कॉम्प्युटरवर टकटक करून अकरा हजार काहीशेचं एस्टिमेट हातात दिलं: पुढचे पॅड, पुढच्या दोन्ही डिस्क, मागचे ब्रेक-शू, आणि 'ब्रेक क्लीनिंग' वेगळं. मी विचारलं, आवाज कुठल्या चाकातून येतोय? तो म्हणाला, "सर, सगळंच बदलून टाकलं की आवाजाचा प्रश्नच येत नाही."

हे वाक्य मला फार ओळखीचं वाटलं. सॉफ्टवेअरच्या धंद्यातही असे लोक असतात. सर्व्हर हळू झाला की "मोठा सर्व्हर घ्या". कशामुळे हळू झालाय ते नंतर बघू. हे 'नंतर' कधी येत नाही.

मी काहीच बदललं नाही. ब्रेक लागत होते, पेडल घट्ट होतं, गाडी एका बाजूला ओढत नव्हती, म्हणून तसाच निघालो. धानोऱ्यात गाडी वळवून लावताना शेजारच्या आबांनी ओट्यावरूनच निदानाची पहिली पायरी उरकली. "भो, तुनी गाडी वरडी राहिनी." अहिराणी न येणाऱ्यांसाठी: भाऊ, तुझी गाडी ओरडतेय. 'ब्रेक खराब झाले' असं आबा म्हणाले नाहीत, हे लक्षात घ्या. जेवढं ऐकू आलं तेवढंच सांगितलं. आमच्याकडे बग रिपोर्ट लिहिणाऱ्यांना हे शिकवायला दोन-दोन दिवसांचं ट्रेनिंग लागतं.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली गॅरेज टाकलेल्या मिस्तरीकडे गेलो. त्याने पाना उचलायच्या आधी प्रश्नच विचारले. आवाज सकाळी पहिल्या ब्रेकला येतो की गाडी तापल्यावर? हळू दाबलं की येतो की जोरात? रिव्हर्सला येतो का? आणि सगळ्यात भारी प्रश्न: ब्रेक दाबल्यावर आवाज सुरू होतो, की आधीपासून बारीक येत असतो आणि दाबल्यावर थांबतो? मग शेजारी बसला आणि म्हणाला, शाळेच्या भिंतीला लागून चालवा, काच खाली करा. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे कुठल्या बाजूचं चाक बोलतंय ते कळतं. एकदा डावीकडे भिंत ठेवून, एकदा उजवीकडे. डावं पुढचं चाक निघालं. परत आल्यावर त्याने रिमला हात न लावता तळहात चार बोटं लांब धरला. डावीकडे चांगलीच धग होती, उजवीकडे मामुली.

चाक काढल्यावर गोष्ट उघडच होती. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलेला. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे 'तरंगता' कॅलिपर असतो. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्या धक्क्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. त्या पिना सरकायला हव्यात. माझ्या गाडीतल्या एका पिनेची रबरी टोपी फाटली होती, आत पाणी आणि माती जाऊन पिन जाम झाली होती. मग कॅलिपर नीट मागे सरत नाही, आतला पॅड डिस्कला घासत राहतो, तापतो, वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि मग किंचाळतो. मिस्तरीने पिन घासून साफ केली, सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगतं), टोपी बदलली, पॅडचा चकचकीत थर पॉलिश पेपरने उतरवला. पाऊण तास. वर सांगितलं, हे पॅड अजून तीन-चार महिने जातील, मग दोन्ही बाजूंचे एकदम बदला, एकाच बाजूचे नको.

तीनशे रुपये. आणि ते मागताना तो संकोचला! कारण दाखवायला हातात नवा डबा नव्हता. "भाऊ, पार्ट काही टाकला नाही, एक टोपी टाकली फक्त..."

मला राग आला तो इथे. त्याचा नाही, आपल्या सगळ्यांचा. ज्या माणसाने अकरा हजारांचं काम पाऊण तासात नेमकं ओळखलं, त्याला आपण असं वळण लावलंय की डबा नसेल तर पैसे मागायची लाज वाटावी. डॉक्टरने तपासून "काही नाही, पाणी भरपूर प्या" म्हटलं तरी आपण फी देतो. आमच्या धंद्यात तर तीन आठवड्यांच्या 'ॲनालिसिस'चं बिल क्लायंटला जातं आणि क्लायंट ते भरतो. मिस्तरीला मात्र "हात लावायचे तीनशे?" हे ऐकायला लागतं. मग उद्या तोही शिकतो: पाऊण तास डोकं लावण्यापेक्षा पॅड बदल, त्यात कमिशन आहे, गिऱ्हाईकही खूश. पुण्याच्या त्या पोऱ्यालाही मी फार दोष देत नाही. त्याच्या जॉब कार्डवर 'भिंतीलगत गाडी चालवून ऐकणे' अशी ओळ नसणार.

आता थोडं त्या आवाजाबद्दल. पॅड डिस्कला धरतो, सुटतो, धरतो, सुटतो, हे सेकंदाला हजारो वेळा होतं आणि डिस्क घंटेसारखी वाजते. फळ्यावर खडू किंचाळतो ते याच जातीचं. हजार हर्ट्झच्या वरचा आवाज म्हणजे किंचाळी, आणि आपला कान सर्वात तिखट असतो तो नेमका त्याच टापूत, दोन ते पाच हजारांच्या आसपास. म्हणून बारीकसा आवाजही डोक्यात जातो. पण ही किंचाळी वेगळी आणि लोखंडावर लोखंड घासल्याची खरखर वेगळी. खरखर आली की पॅड संपला. मग लेख वाचत बसू नका, गाडी उभी करा.

गावाकडे आणखी एक धोका आहे, तो आपल्या संस्कारातला. रहाट कुरकुरला, तेल घाल. बैलगाडीचा आस ओरडला, वंगण घाल. दाराची बिजागरी, शिलाई मशीन, सगळीकडे हेच चालतं. ब्रेकमध्ये मात्र आपल्याला घर्षणच हवं असतं. तरीही ड्रममध्ये तेल सोडून आवाज 'बंद' करणारे मी स्वतः पाहिलेत. आवाज खरंच बंद होतो. ब्रेकही.

याहून वाईट म्हणजे ती पत्ती. बऱ्याच पॅडना एक छोटी लोखंडी पत्ती असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम चिरका आवाज करते. म्हणजे कुणीतरी इंजिनिअरने विचार करून बसवलेला अलार्म आहे तो. मिस्तरीने विचारलेला तो प्रश्न (आधीपासून बारीक येत असतो का?) याच्यासाठीच होता, कारण ही पत्ती बरेचदा ब्रेक न मारताही वाजते. आणि काही महाभाग ती पक्कडीने वाकवून टाकतात! गिऱ्हाईक म्हणतं आवाज बंद कर, आवाज बंद होतो, पैसे मिळतात. सर्व्हरचा अलर्ट म्यूट करून झोपायला जाण्यासारखंच. फक्त सर्व्हर पडला तर कुणी दरीत जात नाही.

दरी म्हटलं ते उगाच नाही. आमच्या जिल्ह्यात लोक फिरायला कुठे जातात, तर तोरणमाळला. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत सातपुड्यात वर, हजार मीटरहून जास्त उंचीवर. जाताना इंजिन दमतं, येताना ब्रेक. जरा हिशोब करू (इंजिनिअर माणूस, सवय जात नाही). माणसांसकट बाराशे किलोची गाडी सातशे मीटर खाली उतरते असं धरा. सुमारे ८२ लाख ज्यूल, म्हणजे विजेचे दोन युनिट आणि वर थोडं. उतरायला अर्धा तास लागला, तर एक किलोवॅटच्या चार-साडेचार इस्त्र्या अर्धा तास सतत चालू ठेवल्याइतकी उष्णता. गिअर खालचा ठेवला तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवलं तर जवळपास सगळी ब्रेकच्या डोक्यावर. आता यात एक पिन जाम असलेलं चाक टाका, जे सपाट रस्त्यावरही तापलेलं असतं.

आणि इथे आवाज मदतीला येत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ जातीचं नवं ऑइल कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, पण पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं. चूं नाही की चां नाही. ब्रेक ऑइल बदलायला दोन-तीन वर्षं झाली असतील तर ते आवाजाची वाट न बघता बदला. 'कशाला बदलायचं, चालतंय की' असं म्हणणारे हेच, जे आवाजासाठी अख्खी डिस्क बदलतात.

आवाज घालवायच्या नादात काय होऊ शकतं याचं जुनं उदाहरण आहे. १९०२ मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याचे पॅड तांब्याचे होते, आणि ते भयानक किंचाळायचे. १९०७ मध्ये हर्बर्ट फ्रूडने त्यावर ॲस्बेस्टॉसचं अस्तर लावलं. आवाज गेला, अस्तरही टिकाऊ. मग पुढची कित्येक दशकं जगभर ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस राहिलं आणि ब्रेकची धूळ फुंकणाऱ्या मिस्तरींच्या फुफ्फुसात गेलं. ब्रिटनने त्यावर पूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्ये. म्हणून जुन्या गाडीचा ड्रम उघडला की कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. पॅड नवे असले तरी धूळ नाकात घ्यायची गरज नाही.

तर मी आता गॅरेजमध्ये गेलो की आधीच सांगतो: बघायचे पैसे वेगळे देतो, काही बदललं नाही तरी देतो, आणि जे काढाल ते मला दाखवा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, हा चेष्टा करतोय. मग मात्र काम बदलतं. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी शेजारी ठेवून दाखवले जातात. पॅडमागची पातळ शिम ('ती नसली तरी चालते' म्हणून बऱ्याचदा कचऱ्यात जाते, आणि मग नवे पॅडही किंचाळतात) जागेवर बसते. एकदा तर एका मिस्तरीने "काहीच करायचं नाही, घरी जा" असं सांगितलं. त्याचे दीडशे दिले. तो आवाज सकाळच्या पहिल्या दोन ब्रेकपुरताच होता. रात्रीच्या दवाने डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो, तो दोन वेळा दाबलं की निघून जातो. अजूनही येतो. येऊ दे.