आधी परवानगी, मग एडिट

आम्ही स्वतंत्र सिनेमा करणारी माणसं आहोत. दिग्दर्शक, एडिटर, साउंडवाले, संगीतकार, आणि ही चारही कामं एकट्याने उरकून वर युनिटच्या जेवणाचा हिशेब ठेवणारे. कॅमेऱ्याच्या भाड्यासाठी आम्ही घासाघीस करतो, शूटिंगसाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणतो, गाणं मात्र बिनदिक्कत उचलतो. हे आम्ही आजपासून बंद करत आहोत.

दुखणं एडिट टेबलवर सुरू होतं. सीनला लय मिळावी म्हणून एडिटर आपल्या आवडीचं गाणं तात्पुरतं लावतो. काही आठवड्यांत तो टेम्प ट्रॅक सगळ्यांच्या कानात बसतो, कट त्याच्या तालावर पडू लागतात. मग संगीतकाराला बोलावून सांगायचं, ‘अस्संच कर, फक्त हे नको.’ स्टॅन्ली कुब्रिकने ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी ॲलेक्स नॉर्थकडून संगीत करून घेतलं आणि शेवटी ते बाजूला सारून आधीच्याच रेकॉर्ड केलेल्या रचना ठेवल्या. त्याच्या पाठीशी एमजीएमसारखा स्टुडिओ होता. आपल्या पाठीशी आत्याने मोडलेली एफडी असते.

म्हणून आमचा पहिला ठराव: ज्या गाण्याचा मालक कोण आणि तो किती मागेल हे कळलेलं नाही, ते टाइमलाइनवर चढणार नाही. संगीतकार पटकथेच्या वाचनाला हजर असेल आणि संगीताचा खर्च बजेटच्या पहिल्या पानावर असेल, ‘इतर’मध्ये नाही.

‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांनी चार्ल्स बर्नेटचं काय झालं ते पाहावं. लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीय कामगार वस्तीवरचा ‘किलर ऑफ शीप’ त्याने विद्यापीठातला प्रबंध-चित्रपट म्हणून १९७७ साली पूर्ण केला. खर्च दहा हजार डॉलर्सच्याही आत. गाणी एकाहून एक सरस, पण हक्क घेतलेले नव्हते. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला मान मिळाला, तरी थिएटर मिळायला २००७ उजाडलं. तोवर संगीताच्या हक्कांचं बिल दीड लाख डॉलर्सवर गेलं होतं. आणि शेवटच्या दृश्यातलं डायना वॉशिंग्टनचं एक गाणं तेव्हाही सुटलं नाही, तिथे तिचंच दुसरं लावावं लागलं. तीस वर्षं एक मोठा सिनेमा शाळा-संग्रहालयांत फिरत राहिला. दोष बर्नेटचा म्हणणार नाही. तो विद्यार्थी होता. आपण विद्यार्थी नाही.

दुसरं, गाण्याला एकच मालक असतो ही समजूत आपण टाकून देऊ. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. आपल्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा ते प्रकाशित झाल्यावर ६० वर्षं. तुकोबांचा अभंग सर्वांचा. पण त्याला श्रीनिवास खळ्यांनी दिलेली चाल तशी नाही. खळेकाका २०११ साली गेले, त्या चालीची मुदत २०७१ च्या अखेरपर्यंत. त्या अभंगाचं लताबाईंच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण हा त्यावरचा तिसरा हिशेब. कंपनीकडून मास्टरची, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची, परवानगी आली म्हणून चालीचीही मिळाली असं होत नाही.

उलट ‘संगीत स्वयंवर’ हे नाटक घ्या. शब्द खाडिलकरांचे, ते १९४८ साली गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ साली. बालगंधर्वांची त्यातल्या पदांची जुनी तबकडी साठ वर्षांपलीकडची असेल, तर तिन्ही कुलुपं उघडी. अशा तबकड्या जपणाऱ्या संग्राहकांकडे आपल्यातले किती जण कधी गेलेत? आम्ही जाऊ, विचारून प्रत घेऊ, आणि कायद्याने देणं नसलं तरी संग्राहकाचं नाव श्रेयनामावलीत देऊ.

अफवांचा निकाल थोडक्यात. तीस सेकंदांपर्यंत गाणं फुकट, असा नियम कायद्यात नाही. कव्हर व्हर्जनची कायदेशीर सवलत ध्वनिमुद्रणापुरती आहे, चित्राला जोडण्यासाठी नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचं सगळंच संगीत सिनेमाला चालत नाही: ‘नॉन-कमर्शियल’ असेल तर तिकीट लावता येणार नाही, ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ असेल तर चित्राशी जुळवताच येणार नाही, आणि ‘शेअर-अलाइक’ असेल तर आपला अख्खा सिनेमा त्याच अटीवर मोकळा करावा लागेल.

आता जे बोलायला आम्हाला लाज वाटते ते. गोंधळी, वासुदेव, तारपावादक यांच्याकडून रात्रभर गाऊन-वाजवून घ्यायचं, चहापाणी करायचं आणि पडद्यावर ‘संगीत: पारंपरिक’ असं लिहून मोकळं व्हायचं. चाल जुनी असेल, गळा आजचा आहे. १९९४ च्या कायदादुरुस्तीने कलाकाराला आपल्या सादरीकरणावर हक्क दिला आहे. आमच्या सिनेमात त्यांचं नाव येईल, गावासकट, आणि मानधनाचा आकडा रेकॉर्डिंगच्या आधी ठरेल. ‘कोर्ट’ सिनेमातला शाहीर आठवा. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेने त्याच्या तोंडी तयार माल घातला नाही. संभाजी भगतांसारख्या जित्या शाहिराकडून गाणी घेतली. पडद्यावरचा खटला खरा वाटतो त्यात त्या गाण्यांचा वाटा मोठा आहे.

आपल्या संगीतकाराशीही लेखी करार होईल. व्हॉट्सॲपवरचा ‘चालेल रे’ हा करार नव्हे. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सहाव्या वर्षी परदेशातला खरेदीदार आला की हे कळून उपयोग नाही. पैसे कमी असतील तर आधी फक्त महोत्सवांपुरता परवाना घ्यावा, पण थिएटर आणि ओटीटीचा दर त्याच कागदावर ठरवून ठेवावा. सिनेमा गाजल्यावर भाव विचारला तर तो गाजलेल्याचाच सांगितला जाणार. आणि ‘सगळे हक्क कायमचे दिले’ असं एक वाक्य संगीतकाराकडून लिहून घेणाऱ्या निर्मात्यांनी कॉपीराइट कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती वाचावी: थिएटरबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देताच येत नाही.

या ठरावांवर सहीला येताना प्रत्येकाने चालू सिनेमाची क्यू शीट आणावी. कुठलं गाणं, कितव्या मिनिटाला, किती सेकंद, शब्द कुणाचे, चाल कुणाची, मास्टर कुणाकडे. रकाने कोरे असतील तर पत्रं लिहायला एकत्र बसू. मराठी करारनाम्याचा मसुदा वकिलाकडून तपासून आम्ही सर्वांना विनामूल्य देऊ.