रिव्हर्स कॅमेऱ्याचे दोन सेकंद



१५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे भारतातील पहिले दालन उघडले. तिथल्या गाडीची किंमत सुमारे ६० लाखांपासून सुरू झाली. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये मर्सिडीजने पुण्याजवळ चाकणला जुळवलेली विजेवरची ईक्यूएस दीड कोटीच्या वरच्या किमतीत बाजारात आणली होती. अशा गाड्या आता आपल्या इंदूरच्या रस्त्यांवरही दिसू लागल्या आहेत. आपल्या मंडळातल्या कित्येक घरांतली मुले-मुली पुण्यात, बंगळुरूत किंवा अमेरिकेत अशा गाड्या चालवतात. दिवाळीत सगळे जमले की या गाड्यांच्या गप्पा निघतात: एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, पडदा किती इंची, छत काचेचे आहे की नाही.

एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. गाडी रिव्हर्समध्ये टाकल्यावर मागचे चित्र पडद्यावर किती सेकंदांत येते?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण अमेरिकेत याच प्रश्नावर कायदा झाला आहे, आणि त्या कायद्याला दोन वर्षांच्या एका मुलाचे नाव आहे. २००२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये कॅमेरॉन गुलब्रॅन्सन हा मुलगा स्वतःच्या वडिलांच्या गाडीखाली आला. वडील गाडी मागे घेत होते. ते बेफिकीर नव्हते. व्यवसायाने ते बालरोगतज्ज्ञ होते. उंच गाडीच्या मागे उभे असलेले लहान मूल ना आरशात दिसते, ना मागच्या काचेतून. पुढे अशाच दुःखातून गेलेल्या पालकांनी पाठपुरावा केला आणि २००८ साली त्या मुलाच्या नावाचा कायदा झाला. प्रत्यक्ष नियम यायला २०१४ उजाडले आणि सर्व नव्या मोटारींना कॅमेरा सक्तीचा झाला तो १ मे २०१८ पासून. कायद्यावर सही झाल्यापासून अंमलबजावणीपर्यंत दहा वर्षे गेली.

तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने नियम करताना जे आकडे मांडले, ते आजी-आजोबांनी लक्षात ठेवावेत असे आहेत. मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून अमेरिकेत वर्षाला सरासरी २१० जणांचा मृत्यू होत होता आणि सुमारे १५ हजार जण जखमी होत होते. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालची मुले होती आणि २६ टक्के सत्तर वर्षांवरचे वृद्ध. म्हणजे नातवंडे आणि आजी-आजोबा मिळून निम्म्याहून अधिक.

या नियमात दोन मापे ठरवून दिली आहेत. गाडीच्या मागची दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा कॅमेऱ्यात दिसली पाहिजे. आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र पडद्यावर आले पाहिजे.

आम्ही आयुष्यभर आकड्यांत राहिलो, म्हणून या मापांचा हिशेब करून पाहिला. ताशी ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने, मागे येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १.४ मीटर सरकते. दोन सेकंदांत ती पावणेतीन मीटरच्या आसपास जाते. साडेचार सेकंद होण्याआधीच ती वीस फुटांची सगळी जागा ओलांडते. आठ सेकंदांत ती अकरा मीटर मागे गेलेली असते. तेव्हा आठव्या सेकंदाला पडद्यावर आलेले चित्र कितीही स्वच्छ असले, तरी ते जे दाखवायला हवे होते त्याची वेळ निघून गेलेली असते.

आठ हा आकडा आम्ही मनाने घेतलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेस्लाने अमेरिकेत २७,१८५ सायबरट्रक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, त्या याच कारणावरून. गाडी बंद केल्यावर आतला संगणक पूर्ण बंद होण्याआधीच पुन्हा चालू करण्याची आज्ञा मिळाली, तर तो गोंधळत होता आणि रिव्हर्समध्ये पडदा आठ सेकंदांपर्यंत कोरा राहू शकत होता. या गाडीच्या सुरुवातीच्या आवृत्तीची किंमत एक लाख डॉलरच्या घरात होती. जानेवारी २०२५ मध्ये याच कंपनीच्या इतर मॉडेलांच्या सुमारे २ लाख ३९ हजार गाड्यांची पाळी आली. त्यांत गाडी चालू होताना संगणकाच्या सर्किट बोर्डात शॉर्ट होऊन मागचा कॅमेरा बंद पडू शकत होता. दोन्ही वेळा दोष निघाला तो गाडी जागी होण्याच्या त्या काही क्षणांत.

असे का होते, ते थोडक्यात पाहू. १९९१ साली जपानमध्ये टोयोटाच्या सोअरर गाडीत मागचा कॅमेरा आला. त्या पिढीतल्या कॅमेऱ्यांचे काम सरळ होते. कॅमेऱ्यातून निघालेली तार पडद्यापर्यंत जाई. रिव्हर्स टाकला की घरातल्या टीव्हीसारखे चित्र दिसे. आजच्या महागड्या गाडीत मधे एक मोठा संगणक बसला आहे. तोच नकाशा दाखवतो, तोच गाणी लावतो, तोच वातानुकूलन सांभाळतो आणि तोच मागचे चित्रही दाखवतो. चारी बाजूंच्या कॅमेऱ्यांची चित्रे जोडून वरून पाहिल्यासारखे दृश्य तयार करायचे, तर त्याचे काम आणखी वाढते. मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला की जसे थांबावे लागते, तसेच इथेही होते.

विजेच्या गाडीत यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली गोष्ट झोपेची. गाडी उभी असताना वीज वाया जाऊ नये म्हणून संगणकाला झोपवावे लागते, आणि काही दिवस न हलवलेली गाडी गाढ झोपेत जाते. तिला जागे व्हायला जास्त वेळ लागू शकतो. दुसरी गोष्ट अशी की ही गाडी निघायला मात्र क्षणाचाही वेळ घेत नाही. पेट्रोलच्या गाडीत चावी फिरवणे, इंजिन धरणे, एखादा हुंदका, यात काही सेकंद जात आणि आवाजही होई. अंगणातले मूल त्या आवाजाने वळून बघे. विजेची गाडी ब्रेक दाबून बटण फिरवले की निःशब्द मागे सरकू लागते. म्हणून युरोपात विजेच्या गाड्यांना कमी वेगात आणि मागे जाताना कृत्रिम आवाज करणे सक्तीचे केले आहे. आपल्याकडेही तसा मसुदा २०२५ मध्ये सरकारने काढला.

काही जण म्हणतील, आमच्या फियाट आणि ॲम्बेसेडरला कुठे कॅमेरा होता? बरोबर आहे. पण त्या गाडीत मागची काच मोठी होती आणि चालवणारा मान वळवून मागे बघत असे. आता गाड्या उंच झाल्या, मागची काच लहान झाली. पोलस्टार ४ या विजेच्या गाडीला तर मागची काचच ठेवलेली नाही, मागचे सगळे कॅमेऱ्यातूनच बघायचे. गाडीची रचनाच कॅमेऱ्यावर विसंबून केली आणि चालवणाऱ्याची मान वळवण्याची सवय गेली, की कॅमेरा ही चैन राहत नाही. मग तो ब्रेकच्या रांगेत येतो. ब्रेक आठ सेकंदांनी लागले तर आपण चालवून घेऊ का?

अमेरिकेच्या नियमातला एक बारकावा आम्हाला विशेष वाटला. चाचणी घेताना चालकाचे दार उघडल्यापासून घड्याळ सुरू होते. दार उघडायचे, लावायचे, गाडी चालू करायची आणि दार उघडल्यापासून चार ते सहा सेकंदांच्या दरम्यान रिव्हर्स टाकायचा. म्हणजे संगणकाला जागे व्हायला चार सेकंदांची सवलत आधीच दिलेली आहे, त्यानंतरचे दोन सेकंद वेगळे. शिवाय चाचणीवेळी गाडीतले तापमान १५ ते २५ अंश सेल्सिअस असावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचे दार उघडले की आत काय असते, ते सांगायला नको. तेव्हा अमेरिकेत उत्तीर्ण झालेली गाडी माळव्याच्या उन्हाळ्यात तशीच वागेल, असे धरून चालू नये.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर सक्तीचा आहे. सक्ती सेन्सरची आहे, कॅमेऱ्याची नाही. सेन्सर टी-टी वाजवून अंतर सांगतो. भिंत आणि खांब तो चांगला ओळखतो. जमिनीलगतची किंवा बारीक वस्तू त्याच्या कक्षेतून निसटू शकते, आणि वाजण्याचे कारण खांब आहे की मूल, हे तो सांगत नाही. कॅमेरा सक्तीचा नाही, त्यामुळे तो किती सेकंदांत उघडावा याचीही मर्यादा नाही. दीड कोटीच्या गाडीचा पडदा दहा सेकंद कोरा राहिला, तर नेमका कोणता नियम मोडला असे विचारल्यावर उत्तर देता येत नाही.

सदोष गाड्या परत बोलावण्याचा कायदा मात्र आपल्याकडे आता आहे. २०१२ पासून उत्पादकांची ऐच्छिक संहिता होती. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने त्याला बळ दिले आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्या त्यात येतात आणि दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदवता येते. गाडी परत बोलावण्याची सक्ती करायची की नाही, हे नोंदलेल्या तक्रारींच्या संख्येवरून ठरते. म्हणून सेवा केंद्रात तोंडी सांगून घरी येणे पुरेसे नाही. बँकेतही तोंडी तक्रारीला कागदावर किंमत नसते, हे आम्ही खिडकीच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. तुलनेसाठी सांगतो: कॅमेऱ्याचा दोष असलेल्या गाड्या वेळेत परत बोलावल्या नाहीत आणि अचूक माहिती दिली नाही, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत फोर्डवर १६ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतचा दंड ठरला.

‘सॉफ्टवेअरचा अपडेट आला की ठीक होईल’ हे उत्तर ग्राहकांना सर्रास मिळते. ते खोटे नाही. सायबरट्रकचा दोषही मालकाला कुठे न जाता, हवेतून आलेल्या अपडेटने दुरुस्त झाला. पण तिथे आधी दोष जाहीर झाला, गाड्यांची संख्या जाहीर झाली, कारण जाहीर झाले. इथे अपडेट गुपचूप आला, तर आधी काय बिघडले होते हे मालकाला कळतच नाही. खात्यात चुकीची नोंद झाली तर ती खोडून चालत नाही, उलट नोंद करून दाखवावी लागते. गाडीच्या बाबतीतही तेवढी शिस्त मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

आमचे मत असे की सरकारने नव्या मोटारींना कॅमेरा सक्तीचा करताना सेकंदांची मर्यादाही त्यातच घालावी, आणि चाचणी आपल्या हवामानात, गाडी गाढ झोपेतून उठवून घ्यावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नागपूरचे आहेत आणि वाहनांची मानके तयार करणारी एआरएआय ही संस्था पुण्याची आहे. आपल्या मंडळाने या विषयावर पत्र पाठवायचे ठरवले, तर ते मराठीत लिहिले तरी चालेल!

नियम होईपर्यंत घरच्या घरी करण्यासारख्या गोष्टी आहेत. गाडी घेणार असाल तर दालनात आधीपासून चालू ठेवलेल्या गाडीवर चाचणी घेऊ नका. सकाळी पहिल्यांदा उघडली जाणारी गाडी मागा, दार उघडा, रिव्हर्स टाका आणि मोबाइलवर सेकंद मोजा. गाडी घेतलेली असेल तर दोन-तीन दिवस उभी राहिल्यानंतर हेच करून पाहा. उशीर होत असेल तर मोबाइलवर चित्रफीत काढा, तारीख-वेळेसह सेवा केंद्राला लेखी कळवा आणि पोर्टलवर नोंदवा. मुले परदेशात असतील तर त्यांना गाडीचा क्रमांक तिथल्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघायला सांगा. गाडी परत बोलावलेली असेल तर लगेच कळते.

बँकेत असताना आमचा एक साधा नियम होता. संगणक कितीही हळू चालो, रांग कितीही लांब असो, शिल्लक पडद्यावर दिसल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. ग्राहक चिडत, पण नियम सुटला नाही. गाडीलाही हाच नियम लावावा. चित्र दिसल्याशिवाय ब्रेकवरचा पाय उचलायचा नाही, आणि चित्र दिसले तरी मान वळवून एकदा बघायचेच.

येत्या गणेशोत्सवात कार्यक्रम संपल्यावर मंडळाच्या आवारातून एकदम गाड्या निघतील. त्याच वेळी मुले प्रसाद घेऊन तिथेच पळत असतात आणि ज्येष्ठ मंडळी काठी टेकत आपापली गाडी शोधत असतात. त्या अर्ध्या तासासाठी दोन कार्यकर्ते फक्त मागे येणाऱ्या गाड्यांच्या पाठीमागे उभे करावेत, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी देत आहोत. आणखी कोणाला काही सुचवायचे असेल तर त्यांनी पुढच्या बैठकीपूर्वी जरूर कळवावे.