षड्ज वाटला, पंचम निघाला

सप्तकाचे बारा भाग करायचे की बावीस श्रुती मानायच्या, हा वाद जुना आहे. पण सप्तकाचे भागच करायचे नाहीत, एकच स्वर घेऊन तो दुप्पट-निमपट कंपनांनी वरच्या-खालच्या सप्तकांत तेवढा फिरवायचा, ही व्यवस्था गणितातली गंमत म्हणून सोडून दिली जाते. हा तिच्यावर अन्याय आहे. हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेती यांनी १९५१ ते १९५३ या काळात लिहिलेली ‘मुझिका रिचेरकाता’ ही पियानोरचना ऐकावी.

त्या वेळी हंगेरीत स्टालिनवादी राजवट होती. नव्या वळणाच्या संगीताला मज्जाव होता. बार्टोक यांच्याही अनेक रचना वाजत नव्हत्या. वाजण्याची आशा नसताना लिगेतींनी शून्यापासून सुरुवात केली. अकरा भागांपैकी पहिला भाग जवळजवळ सगळा एकाच स्वराचा, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी सहाचा. पियानोच्या ८८ पट्ट्यांत हा स्वर आठ वेळा येतो, सेकंदाला २७.५ कंपनांपासून ३५२० पर्यंत. पुढच्या प्रत्येक भागात एकेक स्वर वाढतो आणि अकराव्यात बारा पूर्ण होतात.

पहिला भाग एकसुरी मात्र अजिबात नाही. खर्जातले ठोके, तारसप्तकातली उडी, चढत जाणारी लय, मधले थांबे: चाल असली की कान ज्याकडे फारसा वळत नाही, ते सगळं इथे उघड्यावर येतं. नुसत्या लयीवर आणि आघातावर संगीत उभं राहतं, हे पटवायला व्याख्यानाची गरज उरत नाही.

अगदी शेवटी दुसरा स्वर येतो, पांढरी दोन. इतका वेळ आपण जो षड्ज धरून बसलो होतो, तो या नव्या स्वराचा पंचम निघतो! तानपुऱ्यावर असं होत नाही. तिथे नेहमीच्या जुळणीत चारपैकी तीन तारा षड्जाच्या आणि एक पंचमाची असते, त्यामुळे कोण कोणाचा हे पहिल्या आवर्तनातच ठरतं. लिगेती तो निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत रोखून धरतात, आणि ते फक्त एकाच स्वरावर राहण्याचा निग्रह केला म्हणून साधतं.

संगीत शिकवणाऱ्यांना विनंती आहे: तानपुरा बंद ठेवून, आधी काहीही न सांगता, हा पहिला भाग वर्गात ऐकवा. संपल्यावर विद्यार्थ्यांना एवढंच विचारा, यातला ‘सा’ कोणता?