आधी पेटी, मग सर्किट

विज्ञान प्रदर्शनात थर्मोकोलवर चिकटवलेलं सर्किट दिसलं की मला पहिला प्रश्न पडतो: हे बांधावर कशात राहणार? मुलं हुशार आहेत. रानडुकराची चाहूल लागताच भोंगा वाजवणारा सेन्सर, मातीतली ओल सांगणारा बोर्ड, असं बरंच काही ती करतात आणि ते चालतंही. मग ते मिठाईच्या खोक्यात बसतं आणि मृगाच्या पहिल्या सरीत संपतं. चंद्रपूर-गडचिरोलीत पेटी आधी ठरवावी आणि सर्किट तिच्या मापाने करावं, असं माझं ठाम मत आहे.

ऊनच बघा. चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा 47-48 वर गेला की राज्यभर बातमी होते, पण तो आकडा सावलीतला असतो. वेधशाळेचा तापमापक परंपरेने पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर ठेवतात. तिला स्टीव्हनसन स्क्रीन म्हणतात. एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हनसन या स्कॉटिश अभियंत्याने ती घडवली. आत वारा खेळता राहतो, ऊन शिरत नाही. त्या पेटीत 47 अंश असतात तेव्हा उन्हातल्या काळ्या बंद डब्यात 60च्या वर जायला वेळ लागत नाही. थ्रीडी प्रिंटरवर हौसेने काढलेली पेटी बहुतेक पीएलए प्लास्टिकची असते आणि पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. झाकण वाकतं, फट पडते, पुढचं काम पाऊस करतो. लिथियमच्या सेलचं तर आणखी नाजूक आहे: साधारण 45 अंशांच्या वर तो चार्ज करू नये. सोलर पॅनलला जोडलेला सेल भर दुपारी नेमका तेव्हाच चार्ज होत असतो. म्हणून सेल पॅनलच्या पाठीला चिकटवू नका, खाली सावलीत वेगळा ठेवा.

इलेक्ट्रिकच्या दुकानात पांढरा किंवा फिकट करडा जंक्शन बॉक्स मिळतो, तो घ्या. झाकणाच्या खाचेत रबर आहे ना आणि चारही कोपऱ्यांना स्क्रू आहेत ना, हे उघडून बघा. वर आयपी 65 लिहिलेलं असेल तर 6 म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि 5 म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला टिकेल. पण ही हमी तुम्ही भोक पाडेपर्यंतच. वायर नेहमी खालच्या बाजूने, ग्लँड लावून आत घ्या आणि बाहेर तिला एक झोल द्या, म्हणजे ओघळ तिथूनच गळून जाईल.

पूर्ण बंद पेटीतही पाणी होतं, हे अनेकांना पटत नाही. दुपारी आतली हवा फुगून कुठून तरी बाहेर पडते. संध्याकाळी सर आली की पेटी झटकन गार होते आणि ओली हवा आत ओढून घेते. सकाळी झाकणाला आतून थेंब. म्हणून तळाला एक बारीक भोक ठेवावं, त्यावर स्टीलची बारीक जाळी चिकटवावी. जाळी नसली तर आत मुंग्या घर करतात, नाहीतर कुंभारीण माशी मातीने भोक लिंपून टाकते.

आता स्टीलच्या जेवणाच्या डब्याबद्दल. तो स्वस्त, मजबूत आणि घरातलाच, म्हणून मुलं हमखास तोच निवडतात. धातूच्या आत वायफायचा सिग्नल कोंडतो, हे तांत्रिक कारण झालं. माझं खरं कारण वेगळं आहे. 1 मे 2019 रोजी गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. ज्या जिल्ह्याने हे सोसलं, तिथे रस्त्याकडेच्या झाडाला वायरी निघालेला डबा टांगणं म्हणजे लोकांच्या जिवाला घोर लावणं आहे. गुराख्याला, वनरक्षकाला, गस्तीवरच्या शिपायाला लांबूनच कळलं पाहिजे की हे काय आहे. म्हणून झाकण पारदर्शक घ्या, आतला बोर्ड दिसू द्या. बाहेर मराठीत, शक्य तिथे गोंडीतही, ठळक लिहा: यंत्र कशाचं, कोणाचं, फोन नंबर काय. लावण्याआधी ग्रामपंचायतीला आणि वनखात्याला सांगा. नीटनेटकेपणाचा माझा आग्रह मुख्यतः यासाठी आहे.

पारदर्शक झाकणातून ऊन शिरतं, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय आपल्याच जंगलात उगवतो. पेटीच्या वर चार बोटं अंतर सोडून बांबूच्या कामट्यांचं छोटं छप्पर बांधा, हवा मधून जाऊ द्या. कच्च्या बांबूला भुंगा लागतो, म्हणून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला घ्या. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र असताना एवढी माहिती लांब शोधायला नको.

मापाचं थोडक्यात. बोर्ड, सेल, कनेक्टर पुठ्ठ्यावर मांडा, वायरी आणि यूएसबीची पिन लावूनच मांडा, कारण पिनेलाच तीन-चार सेंटिमीटर लागतात. सभोवती बोटभर जागा सोडून मग माप घ्या. बोर्ड तळाला चिकटवू नका, स्पेसरवर उचलून बसवा. भोक पाडल्यावर कडेचा कीस ब्लेडने काढा, नाहीतर वायरची साल तिथेच सोलवटते. आणि 230 व्होल्टची लाइन या पेटीत घेऊच नका, ते काम परवानाधारक वायरमनचं.

प्रदर्शनाच्या परीक्षकांना माझी विनंती आहे: यंदा पेटीलाही गुण ठेवा. चाचणी सोपी आहे. रिकाम्या पेटीत वर्तमानपत्राचा कागद घालायचा, ग्लँड आवळायचे, भोक तळाला येईल अशी पेटी भिंतीला लावायची. वरून आणि बाजूंनी झारीने दहा मिनिटं पाणी सोडायचं, पेटी पुसून उघडायची आणि कागद हातात घेऊन बघायचा.