आरोपीच्या पिंजऱ्यात कायदा

दूरचित्रवाणीवरील न्यायालयीन नाट्य म्हटले की, साक्षीदाराची भंबेरी उडविणारा वकील आणि अखेरच्या क्षणी कबुली देणारा खुनी, एवढेच डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत १९६१ ते १९६५ या काळात चाललेल्या ‘द डिफेंडर्स’ या मालिकेने ही चाकोरी मोडली. रेजिनाल्ड रोज यांच्या या मालिकेतील वकील पितापुत्र आरोपीचा बचाव करीत; परंतु खरी उलटतपासणी होई ती कायद्याचीच.

एप्रिल १९६२ मधील एका भागात गर्भपात करणाऱ्या डॉक्टरवरील खटला होता. तेथे गर्भपात तेव्हा जवळजवळ सर्वत्र गुन्हा होता. विषय कळताच मालिकेच्या तिन्ही नेहमीच्या जाहिरातदारांनी अंग काढून घेतले. दुसरा जाहिरातदार पुढे आला आणि तो भाग लोकांना पाहावयास मिळाला.

सरकारने कात्री चालविली तर निदान आदेशाचा कागद असतो. त्याविरुद्ध दाद मागता येते. जाहिरातदार कशावरही बंदी घालीत नाही, केवळ थैली आवळतो. त्याविरुद्ध दाद मागावी कोठे?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य केला आणि २०२२ साली तो काढून घेतला. सर्वोच्च निकालही जेथे अखेरचा ठरत नाही, तेथे असा वाद लोकांसमोर चालू राहणे अगत्याचे आहे.

आपल्याकडील खाजगी वाहिन्याही मुख्यतः जाहिरातींवरच पोसल्या जातात. आपली करमणूक स्वस्तात होते, असे आपण समजतो. जे प्रश्न पडद्यावर कधी येतच नाहीत, ते तिचे खरे मोल होय.